आधी मोजा, मग सही घ्या

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात हृदयविकाराचा पेशंट आहे त्यांनी तर वाचाच. आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनीही, कारण आमच्याही घरात त्या दिवशी सकाळपर्यंत नव्हता.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पोंभुर्णा तालुक्यातले साधे कास्तकार. चार एकर धान, वय ६१, दवाखान्याची पायरी कधी चढलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी रोवण्याच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास बांधीत उतरले होते. छातीत जड झालं. धुऱ्यावर बसले, पाणी पिले, "गॅस असन" म्हणाले आणि परत चिखलात उतरले. दुपारी घरी आले तर मोठ्या आईनं ओवा-मीठ दिलं. रात्री मला फोन आला, "बाबू, तुझ्या मोठ्या बाबाले पाहून जा जरा, घाम थांबून नाही राहिला."

गेलो. मोटरसायकलवर मधात बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला, १०८ बोलावली, चंद्रपूरला पोचलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. दुखणं सुरू झाल्याला चौदा तास. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा फायदा पहिल्या काही तासांत असतो, बारा तासांनंतर तो जवळजवळ संपतो. इथपर्यंत माझा कोणावर राग नाही. उशीर आमचा होता. ओवा आम्हीच दिला.

राग पुढचा आहे.

पाच दिवसांनी मोठे बाबा घरी आले. छातीत दुखत नव्हतं. अंगणात फिरत होते. "पंपिंग कमी झालंय, अँजिओग्राफी करून घ्या" असं सांगितलं होतं, म्हणून सतराव्या दिवशी आम्ही एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. कमेंटमध्येही विचारू नका. एका दवाखान्याचं नाव टाकलं की चर्चा त्या दवाखान्याची होते आणि बाकीचे सुटतात.

अँजिओग्राफी सुरू असताना डॉक्टर बाहेर आले. "समोरची मुख्य नळी शंभर टक्के बंद आहे. आत्ताच स्टेंट टाकून घेऊ. सही करा." मोठे बाबा आत टेबलवर. मोठ्या आईनं माझ्याकडे पाहिलं, "तू शिकलेला आहेस बाबू, तूच सांग." योजनेच्या कागदात रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, म्हणून पैसे रोख. विचार करायला पाच मिनिटं. मी सही करायला लावली. पावणेदोन लाख झाले. बैलजोडी गेली, एक एकर गहाण पडलं.

चार महिन्यांनी दम लागायला लागला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला, औषध टोचून करतात तो. अकरा हजार लागले. रिपोर्ट आला. इंग्रजीत दोन पानं, त्यातल्या एका ओळीचा अर्थ डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावला: हृदयाच्या समोरच्या भिंतीचा आणि टोकाचा बहुतेक भाग तीन चतुर्थांशाहून जास्त जाडीपर्यंत मेलेला आहे, त्याचा वण झालेला आहे.

म्हणजे नळी उघडली होती. पण ती नळी ज्या मांसाला रक्त नेणार होती, ते मांसच शिल्लक नव्हतं.

अकरा हजारांचा प्रश्न पावणेदोन लाखांच्या उत्तरानंतर विचारला गेला. माझी पूर्ण पोस्ट या एका वाक्याची आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

ही तपासणी आहे तरी काय

सोप्या भाषेत सांगतो, कारण मला कोणी सोप्या भाषेत सांगायला चार महिने लागले.

हृदय म्हणजे मांसाची पिशवी. डाव्या कप्प्याची भिंत साधारण एक सेंटीमीटर जाड. अ‍ॅटॅक येतो तेव्हा नळी बंद होते आणि त्या नळीच्या भरवशावर असलेलं मांस मरायला लागतं. एकदम नाही. आतल्या बाजूनं सुरू होतं आणि तासागणिक बाहेरच्या बाजूला सरकतं, जंगलात आग एका कडेनं सरकत जावी तसं. म्हणून दोन तासांत आलेल्या माणसाचा आतला पापुद्रा जातो आणि चौदा तासांनी आलेल्याची भिंतच्या भिंत जाते.

इको केला की भिंत हलते की नाही ते दिसतं. पण न हलणारी भिंत दोन प्रकारची असू शकते. एक मेलेली. दुसरी जिवंत पण उपाशी, रक्त कमी मिळतं म्हणून हातपाय आखडून बसलेली. दुसरीला रक्त मिळालं तर ती उठू शकते. पहिलीला तुम्ही पूर्ण वैनगंगा दिली तरी ती उठत नाही. साध्या इकोवर दोन्ही बऱ्याचदा सारख्याच दिसतात.

इथे एमआरआय कामात येतो. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाच्या धातूचं औषध देतात. हे औषध जिवंत पेशीच्या आत शिरू शकत नाही, पेशींच्या मधल्या जागेत फिरतं आणि निघून जातं. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, तिथे ते आत शिरतं. पुढे वण तयार झाला की त्याच्या धाग्यांमध्ये मोकळी जागा जास्त असते, तिथेही ते साचतं आणि निघायला वेळ लावतं. पाऊस थांबल्यावर चांगल्या बांधीतलं पाणी उतरतं आणि खचलेल्या जागी डबकं राहतं ना, तसंच. औषध दिल्यावर साधारण दहा ते वीस मिनिटं थांबून फोटो काढतात. मशीन असं लावतात की जिवंत मांस काळं दिसावं. मग जिथे डबकं राहिलं ती जागा पांढरी चमकते. पांढरं ते मेलेलं, काळं ते जिवंत.

आणि हे मोजता येतं. डाव्या कप्प्याचे सतरा भाग पाडतात. प्रत्येक भागात भिंतीच्या जाडीचा किती हिस्सा पांढरा आहे ते लिहितात: काहीच नाही, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. म्हणजे सातबाऱ्यासारखा हिशेब. कोणत्या गटात किती जमीन पिकाची आणि किती पडीक.

एक्स-रे लागत नाही. पाऊण-एक तास आडवं पडायचं, सांगितलं की श्वास रोखायचा. पण किडनीचं रक्त आधी तपासावं लागतं, कारण किडनी फारच खराब असेल तर जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियम औषधांनी कातडी आणि आतले अवयव कडक होण्याचा दुर्मिळ पण भयंकर आजार होतो, हे २००६ च्या सुमारास लक्षात आलं. आता जास्त सुरक्षित प्रकार वापरतात. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. आणि अ‍ॅटॅकनंतर पहिल्या काही दिवसांत सुजेमुळे डाग थोडा मोठा दिसू शकतो. इतकं नातेवाईकाला माहीत असलं तरी पुष्कळ झालं.

हे नवीन नाही

कोणी म्हणेल, पेपरवाल्याला नवीन खेळणं सापडलं. नवीन काहीच नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रेमंड किम, रॉबर्ट जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे छापलं. हृदय कमजोर झालेले ५० पेशंट घेतले. बायपास किंवा अँजिओप्लास्टीच्या आधी हा एमआरआय केला आणि नंतर कोणता भाग सुधारला ते पाहिलं. नीट न हलणाऱ्या ज्या भागांत पांढरं काहीच नव्हतं, अशा ३२९ पैकी २५६ भाग सुधारले, म्हणजे ७८ टक्के. ज्या भागांत भिंतीचा पाऊणपेक्षा जास्त हिस्सा पांढरा होता, अशा ५८ पैकी सुधारला फक्त १.

अठ्ठावन्नात एक. मोठ्या बाबांची भिंत या अठ्ठावन्नातली होती.

दुसरी गोष्ट याहूनही कडू आहे. अ‍ॅटॅक येऊन काही दिवस झालेत, पेशंट स्थिर आहे, छातीत दुखत नाही, आणि नळी पूर्ण बंद सापडली. अशा वेळी ती उघडून फायदा होतो का? हा प्रश्न २००६ मध्ये मोठ्या अभ्यासात तपासला गेला. 'ऑक्लुडेड आर्टरी ट्रायल' त्याचं नाव. २,१६६ पेशंट, अ‍ॅटॅकनंतर तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसातले. अर्ध्यांची नळी उघडली आणि औषधं दिली, अर्ध्यांना फक्त औषधं. मृत्यू, दुसरा अ‍ॅटॅक आणि गंभीर हार्ट फेल्युअर, तिन्ही मिळून पाहिलं तर नळी उघडून फायदा झाला नाही.

आमचा सतरावा दिवस होता.

मी आज असं म्हणत नाही की त्या डॉक्टरांनी फसवलं. त्यांच्या मनात काही वैद्यकीय कारण असेलही. पण ते कारण मला सांगितलं नाही, कागदावर लिहिलं नाही, आणि मांस जिवंत आहे का हा प्रश्न त्या पाच मिनिटांत कोणीच काढला नाही. त्यांनी नाही आणि मीही नाही.

एक गोष्ट ठळक सांगतो, नाहीतर या पोस्टमुळे कोणाचा तरी जीव जाईल. अ‍ॅटॅक आत्ता आलाय, छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तेव्हा एमआरआय-फेमआरआय काही नाही. तेव्हा एकच काम, लवकरात लवकर नळी उघडणं, इंजेक्शननं किंवा स्टेंटनं. तेव्हा प्रश्न विचारत बसू नका. मी बोलतोय ते नंतरच्या आठवड्यांबद्दल आणि महिन्यांबद्दल, जेव्हा पेशंट स्थिर आहे आणि विचार करायला वेळ आहे. तरीही वेळ नाही असं आपल्याला दाखवलं जातं, ते चुकीचं आहे.

"इथे गोळी मिळत नाही आणि हा एमआरआय मागतो"

हे वाक्य मला आमच्याच एका डॉक्टर मित्रानं ऐकवलं. वरवर पाहता बरोबर वाटतं. जंगलपट्ट्यातल्या माणसाला साधा ताप-खोकल्याचा दवाखाना हवा, हृदयाचे मोजमाप शहरातल्या लोकांचे चोचले. हा समज कुठून आला ते मला माहीत आहे. आपल्याबद्दल वर बसलेल्यांचं मत असंच आहे की चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस मरतो तो मलेरियानं, सर्पदंशानं आणि वाघानं.

वाघाची बातमी मीच देतो, पहिल्या पानावर लागते. पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या लोकांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे निघाले. सात माणसांमागे एक. गडचिरोलीच्या खेड्यात सगळ्यात जास्त माणसं कशानं मेली, तर मेंदूच्या झटक्यानं. बीपी, तंबाखू, तुंबलेल्या आणि फुटलेल्या नळ्या. ज्या नळ्या मेंदूत तुंबतात त्याच हृदयातही तुंबतात. आपल्याकडे खर्रा किती खातात ते मी सांगायची गरज नाही, पोस्ट वाचणाऱ्या अर्ध्यांच्या तोंडात आत्ता तो असेल. आणि ज्या गडचिरोलीत 'सर्च' आहे, तिथल्या डॉ. अभय बंगांनाच हृदयविकार झाला आणि त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. पूर्ण महाराष्ट्रानं ते वाचलं. पण वाचून शहरवाल्यांनी योगासनं सुरू केली, आपण "आपल्याकडे हा रोग नाही" म्हणत राहिलो.

दुसरं, सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी नाही म्हटलं तरी गावोगावी आहे. ज्या पोरांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह साचतं आणि काहींच्या हृदयातही. रक्तातलं लोह तपासून हृदयातलं कळेलच असं नाही. तेही एमआरआयच सांगतो, आणि त्यासाठी औषध टोचायचीही गरज नाही. 'टी टू स्टार' नावाचा आकडा निघतो. २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की हृदयात लोह आहे, १० च्या खाली गेला की धोका मोठा. वेळेत कळलं तर लोह काढणारी औषधं आहेत. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे, कार्डं वाटणं चालू आहे. चांगलं आहे. पण कार्ड दिल्यावर पुढे काय? रोग आहे इतकं सांगून माणसाला घरी पाठवणं याला तपासणी म्हणतात, उपचार नाही.

तेव्हा डॉक्टर मित्राला माझं उत्तर: मी पोंभुर्ण्यात एमआरआय मशीन मागतच नाही. इथे ते बसवलं तर चार महिन्यांत धूळ खात पडेल आणि उंदीर वायर कुरतडतील. मला हवा आहे रस्ता. इथल्या ईसीजीपासून नागपूरच्या एमआरआयपर्यंत जाणारा आणि उत्तर घेऊन परत इथल्या गोळीपर्यंत येणारा. आज तो रस्ता फक्त पैसेवाल्याला दिसतो.

आणि मोजमाप श्रीमंतांचा चोचला आहे हे तर पूर्ण उलटं आहे. श्रीमंताचा एक स्टेंट वाया गेला तर त्याची गाडी एक वर्ष उशिरा बदलते. कास्तकाराचा वाया गेला तर बैल जातात. ज्याच्याजवळ एकदाच खर्च करायची ताकद आहे, त्याला तो खर्च कुठे करायचा हे आधी कळायला पाहिजे. गरिबाला मोजमापाची गरज जास्त आहे, कमी नाही.

माझ्याच धंद्याबद्दल

वीस वर्षं बातमीदारी केली. डिप्लोमा केला तेव्हा शिकवलं होतं, कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. तालुक्याच्या पत्रकारितेत आपण 'कोण' वर थांबतो. कोणाच्या हस्ते उद्घाटन, व्यासपीठावर कोण, कोणाचं नाव राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी फोन. मशीनच्या फिती कापल्याचे तीन कॉलमी फोटो मी स्वतः पाठवले आहेत. महिन्याला किती तपासण्या होतात, चालवणारा तंत्रज्ञ आहे का, रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर आहे का, हे त्यानंतर सहा महिन्यांनी जाऊन विचारलं का? नाही विचारलं. हृदयाचा एमआरआय म्हणजे नुसतं मशीन नसतं. त्याला हृदयाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते काढायला शिकलेला तंत्रज्ञ लागतो आणि वाचायला शिकलेला डॉक्टर लागतो. गुडघ्याचा एमआरआय होतो तिथे हृदयाचा होईलच असं नाही. हा फरक बातमीत कधी आला? मीच दिला नाही.

दुसऱ्या बाजूनं होणारी लूटही सांगतो

हे वाचून उद्या कोणी "फुल बॉडी चेकअप, हृदयाच्या एमआरआयसह" असं पॅकेज काढेल. त्याला बळी पडू नका. ज्याला काही त्रास नाही त्यानं हा एमआरआय करत बसायची गरज नाही. आणि एमआरआय म्हणजे देववाणी नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला, 'रिव्हाइव्हड'. हृदय फार कमजोर, नळ्या खराब, पण बरंचसं मांस जिवंत असल्याचं तपासणीत दिसलेलं, असे ७०० पेशंट. अर्ध्यांना औषधं आणि स्टेंट, अर्ध्यांना फक्त औषधं. साडेतीन वर्षांच्या आसपास पाहिलं तर मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरनं भरती होण्याचं प्रमाण ३७ टक्के आणि ३८ टक्के. फरक जवळजवळ शून्य. म्हणजे मांस जिवंत दिसलं तरी स्टेंट टाकलाच पाहिजे असंही नाही. छातीत दुखत असेल तर गोष्ट वेगळी, आणि बायपासचं गणितही वेगळं आहे, काही पेशंटमध्ये त्याचा फायदा दहा वर्षांच्या हिशेबात दिसला आहे. पण त्याच अभ्यासातल्या पेशंटच्या पुढच्या मोजणीतून हेही निघालं की ज्याचा वण मोठा त्याचं पुढचं आयुष्य जास्त धोक्याचं. म्हणजे मोजमाप फुकट जात नाही. पुढे काय वाढून ठेवलंय, कोणाला कडक लक्ष ठेवून औषधं द्यायची, ते कळतं.

मग उरतं काय? गोळ्या. हार्ट फेल्युअरच्या चार प्रकारच्या गोळ्या आज जगभर दिल्या जातात आणि त्यांनी आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं आहे. त्यातल्या डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, आता ती स्वस्तात मिळते. स्टेंटच्या किमतीवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये लगाम घातला, औषधाचा थर असलेला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आणला. चांगला निर्णय होता. पण स्टेंट स्वस्त झाला तरी बिल पावणेदोन लाखांचंच येतं, हे कसं, ते ज्याच्या त्याच्या बिलावर वाचा.

मोठे बाबा आज त्याच चार गोळ्यांवर आहेत. ज्या गोळ्या पहिल्या आठवड्यापासून नेमानं चालायला पाहिजे होत्या, त्यातल्या दोन मधात तीन महिने बंद होत्या. कारण स्टेंट टाकल्यावर पैसे उरले नव्हते, आणि घरात सगळ्यांना वाटत होतं की "आता नळी खुली झाली, गोळीची काय गरज."

मागण्या. लिहून घ्या.

एक. अ‍ॅटॅक येऊन काही दिवस उलटलेत, पेशंट स्थिर आहे, हृदय कमजोर आहे, आणि स्टेंट किंवा बायपास करायचंय, तर फाइलमध्ये एक ओळ सक्तीची करा: कोणत्या तपासणीवरून, मांस किती जिवंत, आणि तरीही ही प्रक्रिया का. एमआरआयच पाहिजे असं नाही. औषध देऊन केलेला इको आहे, न्यूक्लियर स्कॅन आहे. पण प्रश्न विचारल्याचा पुरावा पाहिजे. महात्मा फुले योजनेतून सरकारचा पैसा जातो तिथे तर पाहिजेच.

दोन. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गडचिरोलीलाही आता झालं. हृदयाचा एमआरआय कोणत्या सरकारी दवाखान्यात होतो, कोणत्या वारी होतो, योजनेत बसतो की नाही, किती पैसे लागतात, हे मराठीत बोर्डावर लावा. तारीख फोनवर द्या. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे, त्याच्या आधी आमचा इथला रस्ता आहे. "उद्या या" म्हणणं तुम्हाला दोन शब्दांचं असतं, आमची दोन दिवसांची मजुरी जाते.

तीन. रिपोर्टसोबत मराठीत अर्धं पान द्या. हृदयाचं चित्र, किती काळं, किती पांढरं, पुढे काय. सही घेण्याच्या आधी, नंतर नाही.

चार. आणि सगळ्यात पहिली खरं तर हीच. तालुक्याच्या दवाखान्यात छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत, तो लगेच मोठ्या डॉक्टरकडे मोबाइलवर, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच. गोव्यात 'स्टेमी' प्रकल्पात हेच केलं, गावातल्या दवाखान्यात ईसीजी आणि इंजेक्शन, मग बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला. गोवा लहान आहे, रस्ते चांगले आहेत, मान्य. म्हणूनच आपल्याला इथे इंजेक्शनची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे. मेलेलं मांस मोजण्यापेक्षा ते मरू न देणं कधीही चांगलं.

पाच. हार्ट फेल्युअरच्या गोळ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बारा महिने. "स्टॉक नाही" हे उत्तर चालणार नाही.

आणि आपल्यासाठी, म्हणजे नातेवाइकांसाठी, तीन प्रश्न. मोबाइलमध्ये लिहून ठेवा. "हे आत्ताच करायला पाहिजे का, की एक आठवडा थांबता येईल?" "ज्या भागासाठी करतोय तो जिवंत आहे का, कशावरून?" "नाही केलं आणि फक्त गोळ्या घेतल्या तर काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मला पुढे भेटलेल्या डॉक्टरांनी तर खुर्ची ओढून चित्र काढून दाखवलं.

परवा मोठ्या बाबांकडे गेलो होतो. यंदा जमीन ठेक्यानं दिली आहे. अंगणात बसून दुसऱ्याचा रोवणा पाहत होते. मी एकदा हिंमत करून त्यांना खरं काय झालं ते सांगितलं, मेलेलं मांस, उघडलेली नळी, सगळं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबू, डॉक्टर आले होते तवा हे मले कोणी विचारलंच नाही. मी त जागाच होतो."

जागेच होते ते. टेबलवर होते, शुद्धीवर होते. सही मी केली.

शेअर करायची तर करा. नाही केली तरी चालेल. फक्त ते तीन प्रश्न तेवढे लिहून घ्या.